ओसाफुने येथील आंखूड तलवार

पैठणी म्हटली कीं पैठण, लांकडी खेळणीं म्हटलीं कीं सावंतवाडी, हीं नांवें जशीं आपल्या तोंडीं आपोआप येतात, त्याप्रमाणें तलवार म्हटली कीं जपानी मनुष्याच्या तोंडीं ओसाफुने हें नांव येतें. वस्तु आणि गांव यांची अशी गांठ एकदां पडली म्हणजे ती शतकानुशतकें टिकते. वस्तूचा उपयोग सरला तरी गांवाच्या नांवांतून ती बोलत राहते. ओसाफुनेची गोष्ट याहूनहि थोडी निराळी आहे. कमरेस तलवार लावून हिंडण्यास जपान सरकारनें १८७६ सालीं बंदी केली. त्या गोष्टीला दीडशें वर्षें होत आलीं, तरी तलवार घडविण्याची विद्या तेथें अद्याप जिवंत आहे. ती कशी राहिली, आणि तशीच विद्या आपल्याकडे कां राहिली नाहीं, हा प्रश्न घेऊन मी तेथून परतलों. तो वाचकांपुढें ठेवावा एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

माझा पुतण्या नोकरीनिमित्त ओसाका शहरीं असतो. गेल्या वर्षीं चैत्रांत त्याच्या आग्रहावरून माझें तिकडे जाणें झालें. ओसाकाहून शिंकान्सेन नांवाच्या वेगवान आगगाडीनें पाऊण-एक तासांत ओकायामा गांठतां येतें. तेथून आको मार्गावरील साधी गाडी धरली म्हणजे सुमारें अर्ध्या तासांत ओसाफुनेचें लहानसें स्थानक लागतें. नांगरून ठेविलेलीं भाताचीं खाचरें, कौलारू घरें, मागें बुटके डोंगर आणि पश्चिमेस योशिई नदीचें रुंद पात्र असा हा मुलूख आहे. पाहतांच कोंकणची आठवण व्हावी. मात्र रस्त्यावर मनुष्य क्वचितच दिसतो. हल्लीं हें गांव सेतोउचि नगरपालिकेंत मोडतें. पूर्वीं या प्रांताचें नांव बिझेन होतें, आणि तलवारीचे जाणते अजूनहि तेंच नांव वापरतात.

ही विद्या याच ठिकाणीं कां वाढली, याचें उत्तर भूगोलांत आहे. उत्तरेकडील चूगोकु पर्वतांत लोहाची काळी रेती विपुल सांपडते. कोळशासाठीं झाडी मुबलक. आणि माल खालीं आणावयास नदीची वाट. शिवाय राजधानीकडून पश्चिमेस जाणारा सान्यो नांवाचा जुना राजमार्ग याच प्रदेशांतून जात असल्यामुळें गिऱ्हाइकांचीहि वाण नव्हती. तेराव्या शतकापासून सोळाव्या शतकापर्यंत येथें लोहारांचीं घराणीं पिढ्यान् पिढ्या नांदलीं. जपान सरकारनें ‘राष्ट्रीय ठेवा’ म्हणून गौरविलेल्या तलवारी सुमारें ११० आहेत. त्यांतील चाळिसांहून अधिक एकट्या बिझेन प्रांतांतील आहेत. एवढ्या वैभवाला उतरती कळा लागली ती नदीमुळें. १५९० च्या सुमारास योशिई नदीला महापूर आला आणि त्यानें लोहारांच्या आळ्याच्या आळ्या धुऊन नेल्या. ज्या नदीनें गांव वाढविलें तिनेंच तें बुडविलें. थोडीं घराणीं मात्र वांचलीं, आणि त्यांनीं धागा तुटूं दिला नाहीं.

जपानी तलवारींचे लांबीवरून तीन मुख्य प्रकार मानितात. तेथील ‘शाकु’ हें माप आपल्या फुटाएवढें, म्हणजे ३०.३ सेंटिमीटरांचें असतें. दोन शाकुंहून लांब ती मोठी तलवार. एक शाकूहून कमी ती कट्यार, तिला ‘तान्तो’ म्हणतात. आणि या दोहोंच्या मधली जी आंखूड तलवार ती ‘वाकिझाशि’. सामुराई म्हणजे तेथील क्षत्रिय. तो मोठी व आंखूड अशा दोन्ही तलवारी कमरेस लावी. मोठी तलवार हा केवळ त्याचाच अधिकार. आंखूड तलवार मात्र व्यापारी आणि इतर प्रतिष्ठित प्रजाजन यांनाहि प्रसंगविशेषीं बाळगतां येत असे. यामुळें वाकिझाशि हें शस्त्र राजवाड्याइतकेंच पेढीवर आणि माजघरांतहि नांदलें. माझें कुतूहल या मधल्या बहिणीविषयींच अधिक होतें.

ओसाफुने येथें तलवारींचें एक सुंदर संग्रहालय आहे. त्याचा विशेष असा कीं, कपाटांतील जुन्या तलवारी पाहून बाहेर पडलें कीं आवारांतच लोहार, शिकलगार, म्यान करणारे असे कारागीर प्रत्यक्ष काम करितांना दिसतात. ठराविक रविवारीं जुन्या पद्धतीनें पोलाद ठोकण्याचें कामहि लोकांस दाखवितात. आम्ही अशाच एका रविवारीं गेलों होतों.

तलवारीचें पोलाद मुळांत येतें तें शिमाने प्रांतांतील ओकुइझुमो या डोंगराळ भागांतून. तेथें मातीची एक लांबट भट्टी रचितात. तिला ‘तातारा’ म्हणतात. तीन दिवस व तीन रात्री अखंड भाता चालवून तींत सुमारें दहा टन लोहरेती आणि बारा टन कोळसा थराथरानें घालितात. अखेर भट्टी फोडावयाची, तेव्हां आंतून सुमारें अडीच टनांचा धगधगता गोळा निघतो. त्यांतील निवडक भाग तेवढा तलवारीच्या उपयोगाचा. त्याला ‘तामाहागाने’ म्हणजे रत्नासारखें पोलाद असें म्हणतात. भट्टीच्या मुख्य कारागिराजवळ घड्याळ किंवा उष्णतामापक यंत्र यांपेक्षां ज्वाळेच्या रंगाचीच साक्ष अधिक असते.

हें पोलाद लोहाराकडे आलें म्हणजे तो त्याचे तुकडे पारखतो, रचून तापवितो, आणि त्यांवर गवताची राख व मातीचें पाणी ओतून पुन्हा भट्टींत घालतो. मग घणकरी घण घालूं लागतात. ठोकून लांबविलेला तुकडा मधोमध छेद देऊन स्वतःवरच दुमडतात आणि पुन्हा ठोकतात. असें दहा-पंधरा वेळां होतें. वाचकांतील विद्यार्थ्यांनीं हें गणित करून पाहावें: प्रत्येक घडीला थर दुप्पट होतात, म्हणजे दहा घड्यांनीं १,०२४ आणि पंधरा घड्यांनीं ३२,७६८. या ठोकण्यांत मळी ठिणग्यांच्या रूपानें उडून जाते, पोलाद एकजीव होतें आणि वजनानें निम्म्याहूनहि कमी उरतें. पुढें वरचें कवच कठीण पोलादाचें व आंतला गाभा मऊ पोलादाचा असें जोडकाम करितात. कारण नुसतें कठीण असेल तें तुटतें आणि नुसतें मऊ असेल तें वांकतें.

सर्वांत कसोटीचा क्षण पाणी देण्याचा. माती, कोळशाची पूड आणि दगडाची पूड यांचा लेप पात्यावर देतात. पाठीकडे जाड, धारेकडे अगदीं पातळ. मग कारखान्यांत काळोख करितात, कारण तापलेल्या पोलादाचा खरा रंग अंधारांतच ओळखूं येतो. नेमका रंग आला कीं पातें पाण्यांत बुडवावयाचें. पातळ लेपाखालची धार एकदम निवते व अतिशय कठीण होते. जाड लेपाखालची पाठ सावकाश निवते व चिवट राहते. कठीण झालेली धार किंचित् फुगते आणि त्यामुळें पात्याला पाठीकडे ती डौलदार वांकण येते. ही वांकण हातोड्याची नसून पाण्याची आहे, हें ऐकून मला मोठें नवल वाटलें. कठीण आणि मऊ यांच्या सीमेवर जी दुधाळ रेघ उमटते तिला ‘हामोन्’ म्हणतात. बिझेनच्या पात्यांवर ती लवंगांच्या कळ्यांसारखी दिसते, म्हणून तिचें नांवहि लवंगेवरूनच पडलें आहे. क्षण चुकला तर पात्याला भेग जाते आणि महिन्याची मेहनत त्या पाण्यांतच बुडते.

आपल्या भाषेंत ‘तलवारीला पाणी देणें’, ‘पाणीदार मनुष्य’, ‘त्याचें पाणी जोखणें’ असे प्रयोग आपण रोज करितों. त्यांतील पहिल्याचा अर्थ मीं वर्गांत चाळीस वर्षें मुलांना सांगितला असेल. तो डोळ्यांनीं पाहण्याचा योग मात्र ओसाफुनेस आला. संस्कृत वाङ्मयांत तर याला शास्त्राची बैठक आहे. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत ‘खड्गलक्षण’ नांवाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. पन्नास अंगुळांची तलवार उत्तम, पंचवीस अंगुळांची कनिष्ठ, असें माप त्यांत दिलें आहे. पात्यावरील खुणांचीं शुभाशुभ फळें सांगितलीं आहेत. आणि शेवटीं शस्त्रपान, म्हणजे शस्त्राला पाणी पाजण्याचा विधि आहे. कोणी रक्त, कोणी तूप, कोणी घोडीचें, सांडणीचें किंवा हत्तिणीचें दूध वापरावें, असे पर्याय तो देतो. आणि ज्याला अक्षय धन हवें त्यानें साधें पाणी वापरावें असें म्हणतो. जपानी लोहारांनीं या शेवटच्या पर्यायावरच समाधान मानलें आहे. धन अक्षय झालें नसेल, पण विद्या झाली.

लोहाराचें काम संपलें म्हणजे पातें शिकलगाराकडे जातें. तो खरखरीत दगडापासून आरंभ करून शेवटीं बोटाच्या पेराएवढ्या पातळ दगडाच्या चकतीनें अंगठ्याखालीं पातें घांसतो. यांत कित्येक दिवस जातात. म्यान मॅग्नोलिया जातीच्या हलक्या लांकडाचें. मुठीवर समुद्रांतील माशाचें खरबरीत कातडें आणि त्यावर दोऱ्याची वीण. पात्याच्या मुळाशीं तांब्याची कडी. प्रत्येकाचा कारागीर वेगळा. एका तलवारीमागें अशी एक लहानशी आळीच उभी असते.

दुपारीं माझ्या पुतण्याच्या ओळखीनें आम्ही गांवाजवळच राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे गेलों. त्यांचे पूर्वज व्यापारी होते, आणि घरांत एक जुनी वाकिझाशि होती. चहा झाल्यावर त्यांनीं रेशमी पिशवी आणली. प्रथम तलवारीला वांकून नमस्कार केला, मग धार वर करून म्यान हळूच सरकविलें. पातें उघडें असतां बोलावयाचें नाहीं, कारण श्वासांतील ओलाव्यानें गंज चढतो; बोट तर मुळींच लावावयाचें नाहीं. पातें सुमारें वीस इंचांचें, म्हणजे वराहमिहिराच्या कनिष्ठ मापाच्या जवळपास. त्यांनीं मुठींतील बांबूची मेख ठोकून काढली आणि मूठ सोडविली. आंतला भाग काळसर तांबड्या गंजानें भरलेला होता. मला वाटलें, हा चिंच-राखेनें घांसला तर लखलखेल. पुतण्यानें तें भाषांतर करून सांगतांच वृद्ध गृहस्थ हंसले आणि म्हणाले, “गुरुजी, तो गंज म्हणजे हिची जन्मपत्रिका. तो काढला तर वय कोण सांगणार?”

त्या भागांत एकाऐवजीं दोन भोंकें होतीं. याचा अर्थ असा कीं, ही मूळची लांब तलवार. पुढें कोणी तरी ती मुळाकडून कापून आंखूड केली आणि मेखेसाठीं नवें भोंक पाडलें. कापतांना लोहाराचें कोरलेलें नांवहि गेलें. घराण्याची एवढी जपणूक करणाऱ्या देशांत एका उत्तम कारागिराचें नांव असें नाहींसें व्हावें, याचें मला वाईट वाटलें. परंतु एक खूण राहिली होती. गंजाच्या कडेला एक अक्षर कोरलेलें होतें. अर्धें गंजांत, अर्धें बाहेर. माझ्या पुतण्याला जपानी चांगलें वाचतां येतें, पण हें अक्षर त्याला लागेना. मी चष्मा सांवरून वांकलों. माथ्यावर अनुस्वाराचा ठिपका दिसला आणि ओळख पटली. तें जपानी नव्हतेंच. तें सिद्धम् लिपींतील संस्कृत बीजाक्षर होतें.

कूकाइ नांवाचे जपानी भिक्षु चीन देशीं मंत्रयान शिकून ८०६ सालीं परतले. त्यांच्यामुळें या अक्षरांची उपासना जपानांत रुजली. तलवारीवर फुदो या देवतेचें बीज कोरण्याची चाल त्यांतूनच आली. फुदो म्हणजे आपला ‘अचल’. त्याच्या हातांत ज्ञानखड्ग असतें. ओसाफुनेच्याच कागेमित्सु नांवाच्या लोहारानें १३२३ सालीं घडविलेली एक कट्यार सायतामा प्रांताच्या संग्रहालयांत आहे. तिच्यावर चिचिबु येथील ‘दाइबोसात्सु’चें नांव कोरलेलें आहे, ‘दाइ’ म्हणजे महा, आणि ‘बोसात्सु’ म्हणजे बोधिसत्त्व. वृद्ध गृहस्थांना आपल्या पात्यावरचें अक्षर फुदोचें आहे हें ठाऊक होतें आणि त्याचा जपानी उच्चार ते ‘कान्’ असा करीत. मीं मूळ उच्चार ‘हां’ असा सांगितला. त्यांनीं तो दोनदां-तीनदां हळू म्हणून पाहिला आणि मग कागदावर लिहून घेतला.

ही तलवार राहिली कशी, तेंहि त्यांनीं सांगितलें. १९४५ सालीं युद्ध संपल्यावर विजेत्या सैन्यानें घरोघरच्या तलवारी जमा करण्याचा हुकूम काढला. असंख्य तलवारी नष्ट झाल्या. कलेची वस्तु म्हणून परवाना मिळेल तीच राखतां येई. त्यांच्या वडिलांनीं खटपट करून तो मिळविला. आजहि प्रत्येक तलवारीची नोंद प्रांताच्या शिक्षणमंडळाकडे असावी लागते, आणि तो कागद तलवारीबरोबर ठेवावा लागतो. “ही माझी नव्हे,” ते म्हणाले, “मी हिचा कांहीं वर्षांपुरता राखणदार.” परंतु पुढचा राखणदार कोण, हें त्यांना ठरवितां येत नव्हतें. कन्या तोक्योस लहानशा घरांत राहते. तिला हें ओझें वाटतें. विकावी तर मन घेत नाहीं. संग्रहालयास द्यावी तर घराशीं असलेला संबंध तुटतो. त्यांनीं मला सरळ विचारलें, “तुमच्या देशांत अशा वेळीं काय करितात?”

मीं सांगितलें कीं, आमच्यासारख्यांच्या घरीं तलवारी क्वचित्, पोथ्या पुष्कळ. कांहीं जाणत्या घरांनीं त्या पुण्याच्या भांडारकर संस्थेसारख्या ठिकाणीं दिल्या, त्या राहिल्या. पुष्कळांनीं वाचणारा कोणी उरला नाहीं म्हणून नदींत सोडल्या. हें ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले. मग योशिईच्या दिशेला हात करून म्हणाले, “नदीनें आमचे लोहार नेले तेव्हां ते तिला कोणीं वाहिले नव्हते.” या बोलण्यावर मला उत्तर सुचलें नाहीं.

परतीच्या गाडींत माझ्या मनांत एकच आंकडा घोळत होता: बत्तीस. १९४५ सालीं तातारा भट्टी विझली. जपानी कलातलवारींच्या रक्षणासाठीं १९४८ सालीं स्थापन झालेल्या संस्थेनें ती १९७७ सालीं ओकुइझुमो येथें पुन्हा पेटविली. मध्यें बत्तीस वर्षें गेलीं. ज्वाळेचा रंग ओळखणारे आबे योशिझो आणि कुमुरा कान्जि हे दोन वृद्ध कारागीर तोंपर्यंत हयात होते, म्हणूनच हें जमलें. आणखी एक पिढी गेली असती तर हजार ग्रंथ लिहूनहि तें जमलें नसतें.

आपल्या दक्षिणेंतील ‘उक्कु’ नांवाच्या पोलादाचें असेंच झालें नाहीं काय? मुशींत शिजविलेलें तें पोलाद तेलंगणांतील कोनसमुद्रमसारख्या गांवांहून इराणपर्यंत जाई; एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं फॅरडेसारख्या शास्त्रज्ञानें त्यावर प्रयोग केले. परंतु विलायती स्वस्त लोखंड आलें, जंगलें बंद झालीं, शस्त्रांना गिऱ्हाईक उरलें नाहीं, आणि त्याच शतकांत त्या मुशी विझल्या. आज शास्त्रज्ञ प्रयोगशाळेंत तसें पोलाद करून पाहतात, हें स्तुत्यच आहे; पण गुरूच्या हातून शिष्याच्या हातांत येणारी वाट मोडली ती मोडलीच. आमच्याकडे वाक्प्रचार राहिला, त्यांच्याकडे हात राहिला.

तो हात राखणें स्वस्तांत पडत नाहीं. लोहार होऊं इच्छिणाऱ्यानें परवानाधारक गुरूजवळ निदान पांच वर्षें उमेदवारी केली पाहिजे आणि मग सरकारी सांस्कृतिक खात्याच्या शिक्षणवर्गांत उतरलें पाहिजे. ‘कोळसा तोडण्यांत तीन वर्षें’ अशी तेथें म्हणच आहे. परवाना मिळाल्यावरहि महिन्यास दोन लांब किंवा तीन आंखूड तलवारींहून अधिक घडविण्याची मुभा नाहीं. त्यामुळें माल उत्तम राहतो हें खरें; पण संसार चालविणें कठीण पडतें आणि लोहारांची संख्या वर्षानुवर्षें घटत चालली आहे. म्हणजे धोका टळलेला नाहीं, पुढें ढकललेला आहे. तथापि समाजाची आस्थाहि दांडगी आहे. याच परिसरांत तेराव्या शतकांत घडलेली ‘सान्चोमो’ नांवाची तलवार विकावयास निघाली, तेव्हां चाळीस हजारांहूनहि कमी वस्तीच्या सेतोउचि नगरपालिकेनें देशभर देणग्यांसाठीं हात पसरला आणि २०२० सालीं पन्नास कोटि येन मोजून ती आपल्या गांवीं आणली.

कोणी म्हणेल, मारण्याच्या साधनाचें एवढें कौतुक कशाला? हा आक्षेप खोटा नाहीं. जपानी तलवारीनें गेल्या महायुद्धांत परदेशांत काय केलें, हें चीन आणि आग्नेय आशियांतील लोक विसरलेले नाहींत. परंतु मीं पाहिलेल्या त्या वृद्धांना मारण्याची विद्या राखावयाची नव्हती. रंग पाहून क्षण ओळखणें, मऊ आणि कठीण यांचा मेळ घालणें, आणि आपलें नांव उरो न उरो काम निर्दोष करणें, ही विद्या त्यांना राखावयाची होती.

दसऱ्याला आपण शस्त्रें पूजितों, सरस्वती पूजितों. त्या दिवशीं घरांतील जुनी सुरी, अडकित्ता, कट्यार, पोथी, जें असेल तें बाहेर काढावें. पण घांसून लखलखीत करण्याची घाई करूं नये. तें कोणाचें, कोठून आलें, कोणीं केलें, हें घरांतील वडील मंडळींस विचारून मुलांकडून एका कागदावर लिहून घ्यावें, आणि तो कागद त्या वस्तूजवळच ठेवावा. विचारण्यासारखीं माणसें घरांत आहेत तोंवरच हें काम होण्यासारखें आहे.